सल्ल्याचे मोल: कडावच्या खाचरापासून तारापूरच्या मागापर्यंत

पाऊस लागून महिना झाला की कडावच्या बाजारात कृषी सेवा केंद्रांपुढची गर्दी वाढते. कर्जतहून मुरबाडकडे जाताना लागणारे हे गाव बालदिगंबर गणेशाच्या मंदिरासाठी ओळखले जाते, पण आसपासच्या वाड्यापाड्यांसाठी ते आधी बाजाराचे गाव आहे. शेतकरी पिशवीतून पिवळे पडलेले भाताचे रोप काढतो, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "याला काय मारू?" दुकानदार रोप उलटसुलट करून बघतो, दोन प्रश्न विचारतो आणि मागच्या फळीवरची बाटली काढून देतो. पाण्यात किती मिसळायचे, कधी फवारायचे, तेही सांगतो. या सल्ल्याचे पैसे कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. ते बाटलीच्या किमतीत असतात.

सल्ला विकून जगणाऱ्या प्रत्येकासमोर, मग तो द्राक्षबागेचा सल्लागार असो, कारखान्याचा व्यवस्थापन सल्लागार असो की जमिनीचे कागद तपासणारा वकील, हाच प्रश्न उभा असतो. आपण नेमके काय देतो? ते समोरच्याला कसे सांगायचे? आणि त्याचे पैसे कशाच्या हिशेबाने मागायचे? या प्रश्नावर जगभर बरेच लिहिले गेले आहे. पण त्याची उत्तरे शोधायला न्यूयॉर्क-लंडनपर्यंत जायची गरज नाही. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात आणि मुंबईच्या उत्तरेला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ती पुरेशी सापडतात.

आधी कडावचा दुकानदार. त्याला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. तालुक्याला असलेले कृषी सहायक मोजके, त्यांच्याकडे योजनांच्या कागदांचे ओझे, आणि गावे विखुरलेली. अशा वेळी रोज सकाळी शटर उघडणारा आणि उधारीवर माल देणारा माणूस हाच शेतकऱ्याच्या हाताशी असलेला सल्लागार. सरकारनेही हे वास्तव मान्य केले आहे. हैदराबादच्या मॅनेज या राष्ट्रीय संस्थेने 2003 मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, तो याच विचाराने: दुकानदार सल्ला देणारच आहे, तर त्याला निदान शेतीशास्त्र तरी यावे. अडचण ज्ञानापुरती नाही. "यंदा काहीही फवारू नका, चार दिवस खाचरातले पाणी काढा" हा बरोबर सल्ला असेल, तर तो देणाऱ्या दुकानदाराच्या गल्ल्यात त्या दिवशी काहीच पडत नाही. सल्ला आणि माल एकाच हातून गेले, की न विकण्याचा सल्ला बाजारातून नाहीसा होतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतरच्या चर्चेत दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची सवय आणि ती लावणारा विक्रीकेंद्रावरचा सल्ला हा मुद्दा पुन्हा पुन्हा आला. फुकटच्या सल्ल्याची किंमत कुठे आणि कोण भरतो, हे त्या पावसाळ्याने दाखवले.

सल्ल्याचे मोल दिसत का नाही, याचे एक उत्तर अर्थशास्त्रात आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी 1973 मध्ये एका वेगळ्या प्रकारच्या वस्तू-सेवांकडे लक्ष वेधले. काही वस्तू घेण्याआधी पारखता येतात, काही वापरल्यावर कळतात. पण काहींचा दर्जा वापरून झाल्यावरही ग्राहकाला खात्रीने कळत नाही. डॉक्टर, मेकॅनिक आणि सल्लागार यांची सेवा या तिसऱ्या प्रकारात येते. भातावर करप्याची लक्षणे दिसली, फवारणी केली आणि रोग थांबला. तो औषधाने थांबला, की मधे आलेल्या उघडिपीने? शेतकऱ्याकडे न फवारलेले दुसरे तेच शेत नसते. म्हणून चांगला सल्लागार आणि नशीबवान सल्लागार यांच्यातला फरक बाहेरून दिसत नाही, आणि मग लोक दुसऱ्याच खुणांवर भरवसा ठेवतात: गाडी, बोलण्याची ऐट, कुणी पाठवले, मागच्या वर्षी कुणाला गुण आला.

पाणाड्याचा व्यवसाय याच पायावर उभा आहे. तळहातावर नारळ किंवा हातात झाडाची बेचकी घेऊन जमिनीखालचे पाणी सांगणारे पाणाडे महाराष्ट्रात सगळीकडे आहेत, तसे कर्जतच्या वाड्यांतही येतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात एप्रिल-मे मध्ये बायांना हंडे घेऊन डोंगर उतरावा लागतो, कारण खाली कातळ आहे. पाणी धरून ठेवणारे भेगांचे आणि सच्छिद्र थर जागोजागी तुटक आहेत. पाणाडी ठामपणे सांगतो: इथे, इतक्या फुटांवर, इतके इंच. भूवैज्ञानिक तसे बोलत नाही. तो थर, उतार, आसपासच्या विहिरींच्या पातळ्या बघतो, जमिनीचा विद्युतरोध मोजतो आणि शेवटी शक्यता सांगतो. कर्ज काढून बोअर मारणाऱ्याला शक्यता ऐकायची नसते. म्हणून ज्ञान असलेला सल्लागार हरतो आणि खात्री देणारा जिंकतो. ज्या जागी दहापैकी सात बोअरला थोडेफार पाणी लागणारच असते, तिथे खात्री देणाऱ्याचे यशही दहात सात दिसते, आणि उरलेल्या तीन वेळा मशीनवाल्याने जागा सोडलेली असते.

पुण्याच्या ॲक्वाडॅम या संस्थेने यावर वेगळा रस्ता धरला. 1998 मध्ये स्थापन झालेली, भूजलतज्ज्ञ हिमांशू कुलकर्णी यांचे नाव जिच्याशी जोडलेले आहे अशी ही संस्था गावाला बोअरची जागा दाखवून मोकळी होत नाही. गावातल्याच लोकांना थर ओळखायला, विहिरीची पातळी मोजायला, नकाशावर जलधर दाखवायला शिकवणे हा तिच्या कामाचा गाभा आहे. ज्याला मोजता येते त्याला शक्यतेची भाषा कळते. आपल्या सल्ल्याचा दर्जा तपासण्याचे साधन आधी ग्राहकाच्या हाती द्यायचे, ही पद्धत वेळखाऊ आहे, पण सल्ल्याचे मोल अंधारातून बाहेर काढणारी आहे.

भाताच्या बाबतीत कर्जत तालुक्याने याहून मोठा धडा दिला आहे. कर्जतचे भात संशोधन केंद्र 1919 पासूनचे, आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली आहे. कर्जत-3, कर्जत-7, कर्जत-184 ही वाणांची नावे कोकणातल्या कुठल्याही बी-दुकानात ऐकू येतात. म्हणजे शास्त्र शंभर वर्षे तालुक्याच्या गावीच होते. तरी राब भाजणे, चिखलणी, लावणी हा क्रम बहुतेक खाचरांत तसाच राहिला. वाण सहज बदलतो, कारण तो पिशवीतून येतो. पद्धत बदलायची तर माणसाचे मन, त्याचा शेजारी आणि त्याची घरातली कामाची वाटणी, सगळेच हलवावे लागते.

डॉ. नारायण सावंत यांनी हे ओळखून आपला सल्ला चार सूत्रांत बांधला. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या मातीत खोल खोचणे: चारसूत्री भातशेती. त्यातली रसायनाची गणिते गुंतागुंतीची होती, पण शेतकऱ्यापर्यंत पोचल्या त्या चार गोष्टी आणि एक नाव. कोकणात चारसूत्री म्हटले की दुसरे काही सांगावे लागत नाही. सल्ल्याला नाव देणे आणि तो बोटांवर मोजता येईल इतका आटोपशीर ठेवणे हे वरवरचे काम वाटते. प्रत्यक्षात ते तज्ज्ञाच्या शिस्तीचे काम आहे, कारण काय वगळायचे हे ज्याला विषय पुरता कळला आहे त्यालाच ठरवता येते.

नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे याच वाटेने पुढे गेले. अमेरिकेत शिकून गावी परतलेल्या भडसावळे यांनी 2011 च्या सुमारास सगुणा राईस टेक्निक, म्हणजे एसआरटी, बसवली. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. सुमारे साडेचार फुटांवर कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने पंचवीस बाय पंचवीस सेंटिमीटरवर खड्डे पाडायचे, त्यात थेट बी टोकायचे. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची आणि पुढच्या हंगामात त्याच वाफ्यांवर पुन्हा टोकणी करायची. मातीतला कर्ब, गांडुळे, जमिनीची घडण याविषयी ही पद्धत बरेच सांगते. पण गावागावांत ती मांडताना आधी बोलले जाते ते कमरेविषयी. जुलैच्या पावसात वाकून दिवसभर लावणी करणाऱ्या बाईची कंबर, आणि त्या आठवड्यात सगळ्यांना एकदमच हवे असलेले, म्हणून न मिळणारे मजूर. कर्बाची टक्केवारी शेतकऱ्याला पटवायला प्रयोगशाळा लागते. लावणी वाचल्याचे त्याच्या बायकोला त्याच हंगामात कळते.

इथे सल्लागाराच्या कामाचे मर्म आहे. भडसावळे यांना जे मोलाचे वाटते, म्हणजे माती जिवंत राहणे, आणि शेतकऱ्याला जे मोलाचे वाटते, म्हणजे लावणीचा खर्च आणि कष्ट वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला सल्लागार आपले मोल दुसऱ्याच्या मापात मांडतो आणि आपले माप पाठीमागे चालू ठेवतो. लोखंडी साचा हाही संवादाचाच भाग आहे. "अंतर नीट ठेवा" हे वाक्य विसरले जाते. साचा विसरता येत नाही.

त्याबरोबर एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. चिखलणी नसली की तण वाढते, आणि एसआरटीत त्याचे उत्तर तणनाशक हे आहे. अशा तणनाशकांपैकी ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये मानवात संभाव्य कर्करोगकारक गटात घातले, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पद्धत सुचवणाऱ्याने बचतीचा आकडा सांगताना फवारणीची काळजी आणि तिचा धोका त्याच दमात सांगितला पाहिजे. सल्ल्याची उणी बाजू सल्लागाराच्या तोंडून आली तर त्याचे वजन कमी होत नाही. शेजाऱ्याच्या तोंडून आली, तर सगळा सल्लाच संशयात जातो.

आता कारखान्यांकडे. व्यवस्थापन सल्लागाराने खरोखर काही फरक पडतो का, याची जगातली सगळ्यात गाजलेली चाचणी मुंबईच्या उत्तरेला झाली. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी आणि जॉन रॉबर्ट्स या अर्थशास्त्रज्ञांनी तारापूर आणि सीमेपलीकडच्या उंबरगावच्या कापड कारखान्यांना एक देकार दिला: आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीचे लोक महिनोन्महिने तुमच्या कारखान्यात येऊन काम करतील, तुम्ही पैसे द्यायचे नाहीत. 66 कंपन्यांना विचारले. 34 जणांनी रस दाखवला. मालकांनी स्वतःचा वेळ द्यायचा ही अट ऐकल्यावर उरल्या 17.

हा आकडा सल्ल्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाने जवळ ठेवावा असा आहे. फुकट मिळत असतानाही तीनचतुर्थांश कंपन्यांनी नको म्हटले. म्हणजे आडवे येत होते ते निव्वळ फीचे ओझे नव्हते. मालकांना कारखाना ठीक चालल्याचे वाटत होते, किंवा असल्या सुधारणांनी नफा वाढेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. ज्याला दुखणे जाणवत नाही त्याला औषधाचे मोल सांगता येत नाही. त्यामुळे सल्लागाराचे पहिले काम बहुतेक वेळा उपाय सुचवण्याचे नसतेच. मालकाला त्याच्याच कारखान्यातले नुकसान त्याच्याच आकड्यांत दाखवण्याचे असते.

मग जे झाले ते असे. काही कारखान्यांत नुसते निदान केले, काहींत निदानानंतर चार महिने सोबत राहून 38 साध्या पद्धती बसवल्या. सूत लेबल लावून ओळीने ठेवायचे, दोषांची रोज नोंद करायची आणि त्यावर सकाळी बसून बोलायचे, माग बिघडण्याआधी देखभाल करायची. त्यात नवे यंत्र नव्हते, नवे तंत्रज्ञान नव्हते. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली, आणि तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखाने उघडले. नुसत्या निदानावर सोडलेल्या कारखान्यांनी पद्धतींतला फारच थोडा भाग स्वीकारला. अहवाल दोघांच्याही हाती होता. फरक पडला तो सोबत उभे राहून काम करून घेण्याने.

संशोधक सुमारे नऊ वर्षांनी पुन्हा तिथे गेले. बसवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या, पण उरलेल्या निम्म्यांच्या बळावर हे कारखाने तरी इतरांच्या पुढेच होते. सुटण्याची कारणे ओळखीची आहेत: व्यवस्थापक सोडून गेला, मालकाला वेळ उरला नाही. काही पद्धती मात्र त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांत कुणीही न सांगता पोचल्या होत्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी 1969 मध्येच अशा मदतीचे तीन नमुने मांडले होते. पहिल्यात ग्राहक नेमकी माहिती किंवा काम विकत घेतो. दुसऱ्यात तो रोग्यासारखा तज्ज्ञापुढे बसतो आणि निदान, उपाय दोन्ही त्याच्यावर सोपवतो. तिसऱ्यात सल्लागार ग्राहकाबरोबर बसून त्यालाच प्रश्न ओळखायला मदत करतो. शाइन यांचा कल तिसऱ्याकडे होता. तारापूरचा अनुभव त्याला दुजोरा देतो, तरी एक भर घालून: प्रश्न ओळखला तरी सवय बसायला बाहेरचा माणूस काही महिने रोज समोर लागतो. कोकणातल्या भातपद्धतींची गोष्टही हेच सांगते.

ग्राहकाच्या मापात मोल मांडण्याचे याहून जुने उदाहरण खालापूर तालुक्यात उभे आहे. खोपोलीचे वीजगृह. मुंबईच्या गिरण्या बाहेरून येणाऱ्या कोळशावर चालत असताना घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसापासून वीज करण्याची कल्पना मुंबईचे वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी 1904 मध्ये गेले. कंपनी 1910 मध्ये उभी राहिली, लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची पायाभरणी 1911 मध्ये झाली आणि फेब्रुवारी 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली. रॉबर्ट जॉयनर हे या कामाचे सल्लागार अभियंता होते. पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून पाणी नळांतून खाली आणायचे, हे त्या काळी भारतात कुणी केले नव्हते. गॉस्टलिंग यांच्या कल्पनेला पाण्याच्या दाबाचे गणित लागत होते, पण ती गिरणीमालकाला सांगायची तर कोळशाच्या बिलाच्या भाषेतच सांगावी लागणार होती. मोल अभियंत्याच्या तक्त्यात तयार होते. ते ठरते ग्राहकाच्या खतावणीत.

या योजनांची पुढची हकिगत मात्र ग्राहक कोण या प्रश्नाशी आणून सोडते. खोपोलीनंतर 1922 मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. त्यातून सुटणारे पाणी राजनाल्याच्या कालव्यातून कडावच्या परिसरात फिरते आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो. वीज मुंबईसाठी होती; दुबार पीक कर्जतला मिळाले. त्याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणाने उलट केले. गिरण्यांना वीज मिळाली आणि मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालचा 1921 चा मुळशी सत्याग्रह हा एका अर्थी ज्यांना कुणीच ग्राहक मानले नाही, त्यांनी मागितलेला हिशेब होता. कडावला झालेला लाभ आणि मुळशीला झालेला तोटा, दोन्ही सल्लागारांच्या मूळ वहीच्या बाहेरचे.

ही अडचण आज पर्यावरण सल्लागारांपुढे आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. खालापूर-रसायनी-खोपोलीच्या पट्ट्यातल्या लोकांनी अशा सुनावण्या पाहिल्या आहेत. अहवाल लिहिणारा सल्लागार पैसे कंपनीकडून घेतो, वाचणार असते सरकारी समिती, आणि परिणाम सोसणार असतो पाताळगंगेकाठचा गावकरी. तिघांच्या लेखी 'चांगले काम' म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी. मराठी सारांश कायद्याने सक्तीचा आहे, पण तो पुष्कळदा यंत्रातून काढल्यासारखा असतो. वाचून नदीत काय सुटणार हे गावकऱ्याला कळत नाही. अशा सल्लागाराची फी एखाद्या स्वतंत्र निधीतून जावी ही मागणी रास्त आहे. कंपनीने निवडलेला आणि कंपनीनेच पोसलेला माणूस कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या प्रत्येक ओळीवर संशयाची सावली पडते.

पैसे कोण देतो हे जसे महत्त्वाचे, तसेच ते कशावर मोजले जातात हेही. तासावर मोजले तर हळू काम करणाऱ्याचा फायदा. खर्चाच्या टक्क्यावर मोजले, जसे बांधकामात बहुधा होते, तर खर्च कमी करण्यात सल्लागाराला रस उरत नाही. निकालावर मोजावे, हा सगळ्यांना सुचणारा उपाय. पण कायद्याने काही व्यवसायांना तो मुद्दाम नाकारला आहे. एका ज्येष्ठ वकिलाने अशिलाशी वसुलीतल्या निम्म्या रकमेचा करार केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. सनदी लेखापालांनाही 1949 च्या कायद्याखाली, थोडे अपवाद सोडता, नफ्याच्या टक्क्यावर फी ठरवता येत नाही. कारण उघड आहे: निकालात वाटा असलेला माणूस खरे सांगेलच याची खात्री नाही. सेबीने 2013 मध्ये गुंतवणूक सल्लागारांचे नियम आणताना हीच रेघ ओढली. ग्राहकाकडून फी घेणाऱ्याने त्याच ग्राहकाला माल विकून कमिशन घ्यायचे नाही. कडावच्या काउंटरवरचा प्रश्न दलाल स्ट्रीटवर सुटला, खाचरात मात्र अजून तसाच आहे.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात त्यावर बाजारानेच एक उत्तर काढले. तिथे एकरी ठरलेली रक्कम घेऊन हंगामभर बाग बघणारे खासगी सल्लागार आहेत. ते खरड छाटणीपासून फळछाटणीपर्यंत येत राहतात, देठ परीक्षणाचे आकडे वाचतात आणि फोनवर रोज उपलब्ध असतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि निर्यातदारांना जबर फटका बसला. तेव्हापासून तिथल्या सल्लागाराचे मोल वाढले ते 'काय मारायचे' यासाठी कमी आणि 'काय मारायचे नाही, कधी थांबायचे' यासाठी जास्त. एकरी लाखोंचा खर्च पणाला लागलेला असल्याने काही हजारांची फी बागायतदाराला जड वाटत नाही.

कडावच्या भाताला हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. जमिनी गुंठ्यांत आहेत. 2025-26 साठी साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये होती. सल्ल्याने एकरी तीन क्विंटल वाढले असे धरले, तरी हाती येतात सात हजारांच्या आसपास. त्यातून एका सल्लागाराच्या हंगामभराच्या फेऱ्या भागत नाहीत. तीस-चाळीस खातेदारांच्या गटाने मिळून एक माणूस ठेवला तर भागतात. कृषी पदवीधरांनी सल्ला-चिकित्सालये काढावीत म्हणून केंद्राने 2002 मध्ये योजना आणली, पण यातले अनेक पदवीधर शेवटी दुकानच टाकतात, कारण सुटा सल्ला विकत घेणारा एकटा शेतकरी त्यांना सापडत नाही.

जिथे सुट्या सल्ल्याला कर्जतमध्ये आज खरोखर दाम मिळतो, तो जमिनीचा व्यवहार. मुंबई-पुण्याचा माणूस शनिवारी येतो, डोंगर बघतो, भाळतो आणि इसार देऊन बसतो. शेतकरी नसलेल्याला 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन घेता येत नाही. आदिवासींची जमीन जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 क मुळे परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. माथेरानभोवतीचा मोठा पट्टा 2003 पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात आहे. दलालाला व्यवहार झाला तरच पैसे. सर्च रिपोर्ट देणाऱ्या वकिलाला व्यवहार झाला नाही तरी पैसे, आणि त्याच्या सल्ल्याचे सगळ्यात मोठे मोल "ही घेऊ नका" या वाक्यात आहे. जो तोटा झालाच नाही तो कुणाला दिसत नाही, म्हणून ती फी अनेकांना महाग वाटते. चांगले वकील यावर साधा उपाय करतात: काम घेतानाच लिहून देतात की कोणते फेरफार तपासणार, किती वर्षे मागे जाणार, मोजणीची जबाबदारी आपली नाही, आणि कागद नीट नसले तर तसे स्पष्ट लिहिणार.

लघुउद्योगांचे प्रकल्प अहवाल याच्या उलट टोकाला आहेत. पुण्याची मिटकॉन ही सल्लागार संस्था 1982 मध्ये वित्तसंस्थांच्या पुढाकाराने उभी राहिली, ती नवउद्योजकाला तांत्रिक आधार मिळावा म्हणून. पुढे तालुक्यातालुक्यांत अहवाल करून देणारे अनेक जण झाले, आणि अहवाल म्हणजे कर्ज मंजूर होण्यापुरता कागद अशी समजूत पक्की झाली. ज्या उद्योजकाच्या नावाने तो केलेला असतो, त्याने तो उघडून वाचलेलाच नसतो. बँकेच्या साहेबासाठी लिहिलेल्या पन्नास पानांत मालकासाठी एक पान असावे. पहिल्या सहा महिन्यांत रोख कुठे अडकेल आणि महिन्याला किती माल विकला गेला नाही तर थांबायचे, एवढे त्या पानावर असले तरी पुष्कळ.

सल्ल्याचे मोल सगळ्यांना दिसावे यासाठी कडावच्या भातशेतीत मोजणीचे साधन नव्याने आणायची गरज नाही. पीक कापणी प्रयोग गावाला माहीत आहे. ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, झोडायचा, गावकऱ्यांसमोर तोलायचा. विम्याचे आणि पैसेवारीचे आकडे त्यातूनच निघतात. गटाने ठेवलेल्या सल्लागाराने जूनमध्ये दोन शेजारची खाचरे निवडावीत. एक त्याच्या सांगण्याप्रमाणे आणि एक शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीने करावे. कोणत्या खाचराला कोणती पद्धत, हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे चांगली जमीन आपल्या वाट्याला घेतल्याचा आरोप राहणार नाही. खत, औषध, मजुरी दोन्हींची एकाच वहीत मांडावी. दिवाळीच्या आगेमागे दोन्हींचा तुकडा गटासमोर कापावा, आणि पुढच्या हंगामाची फी त्या तोलाच्या दिवशीच तिथेच बोलावी.